हुलगेवाडीच्या छपराची मोहीम

श्रीअंबाबाई प्रसन्न, श्रीम्हसोबा प्रसन्न. तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या समस्त मंडळींनी सेवकास फर्माविले की, हुलगेवाडीच्या छपराची हकीकत जो तो आपल्या पदरचे तिखटमीठ लावून सांगतो, आणि दर वर्षी पैलवान वाढतात व भाकऱ्या कमी होतात, तरी जे घडले ते घडले तैसे एकवार कागदावर यावे. आज्ञा शिरसावंद्य मानोन सेवकाने जे पाहिले ते लिहिले, जे ऐकिले ते चार जणांस विचारोन लिहिले, आणि जेथे चौघांची चार तोंडे जाहली तेथे हुलगेवाडीच्या मल्लव्वांचा शब्द प्रमाण धरिला.

शके एकोणीसशे वीस, बहुधान्यनाम संवत्सर, वैशाख शुद्ध एकादशी, वार गुरुवार, तिसरे प्रहरी कागल तालुक्याच्या दक्षिण टोकास, जेथे मराठी संपून कानडी केव्हा सुरू होते ते बोलणाऱ्यासही कळत नाही, त्या हुलगेवाडीवर वळवाच्या वादळाने चाल केली. गनीम मोठा कावेबाज. खलिता नाही, जासूद नाही, दोन प्रहरपर्यंत आभाळ स्वच्छ ठेवून अंगणातील वाळवणे गाफील राखिली, आणि मग एकाएकी धुळीचा लोट उठवून अर्ध्या घटकेत बावीस घरांपैकी सतरा घरांची छपरे उडविली. काही पत्रे उसाच्या फडात कोसळले, काही बाभळीस लटकले, आणि एक पत्रा तर हद्द ओलांडून थेट कर्नाटकात दाखल जाहला. माणूस मात्र एकही दगावले नाही, ही देवाची मोठी कृपा.

या सतरांत मल्लव्वांचे घर होते. मल्लव्वा म्हणजे वाडीतील वडीलधारी बाई, वय सत्तरीचे, आवाज तोफेचा. त्यांचा एकुलता लेक मृत्युंजय आणि सून दोघेही मागेच वारले आणि नात दानेश्वरी ही त्यांनीच वाढविली. तिचे लग्न येत्या पौर्णिमेस, सोमवारी, नेमिले होते. छप्पर गेल्याचे ऐकताच वरपिते भीमाप्पा यांनी निपाणीकडून निरोप धाडिला की, लग्न आमचे दारी करू, नवरीस घेऊन यावे. निरोप भल्या मनाचा होता. परंतु घर मृत्युंजयाने आपल्या हातांनी उभारिलेले, आणि तुझी लेक याच उंबऱ्यातून सासरी जाईल, असा शब्द मल्लव्वांनी त्यास अखेरचे वेळी दिला होता. सबब त्यांनी उलट कळविले की, रविवारी सांजेच्या हळदीपर्यंत छप्पर चढले तर वऱ्हाड इकडे यावे, न चढले तर आम्ही तिकडे येऊ. इतके कळवून त्या चुलीपाशी तोंड फिरवून रडल्या.

शुक्रवारी ही बातमी कोल्हापुरास म्हसोबा तालमीत आली. तालमीचे वस्ताद गणपतराव यांनी लंगोट वाळत घालता घालता हुकूम सोडिला की, दंडबैठका पुरे, आता हातोडी धरा. आणि मोहिमेची सरदारी कृष्णात यांस दिली, कारण कृष्णातरावांनी आपल्या म्हशींच्या गोठ्याचे छप्पर तीन वेळा स्वहस्ते घातले होते. ते तीन वेळा का घालावे लागले, हे त्या समयी कोणी पुसिले नाही. मग पेठेतून पत्रे, वासे, खिळे आणि हुक गोळा करोन, एक लांब शिडी बांधोन, अकरा पैलवान टेम्पोत चढले आणि शनिवारी प्रातःकाळी शिंगाऐवजी हॉर्न वाजवीत फौज कूच करिती जाहली.

वाडीच्या वेशीवर मल्लव्वा स्वतः उभ्या होत्या. त्यांनी पुसिले, "कोन गा तुमी?" आणि येथे कृष्णातरावांच्या हातून ती चूक जाहली, जिच्यापायी मोहिमेचा एक संपूर्ण दिवस बुडाला. मिशीवर ताव देऊन ते मोठ्या ऐटीत बोलिले, "आमी कोल्हापूरचं पावणं!"

पावणं म्हणताच वाडी हलली. उडालेल्या घरांतून घोंगडी बाहेर आली, गूळपाणी आले, पाय धुवावयास तांबे आले. कृष्णातरावांनी हातोडी काढिली तो ती एका म्हाताऱ्याने अदबीने काढून घेतली. पैलवान वासे उतरू लागले तो बायकांनी वाट अडविली. पाहुण्यास काम लाविले तर घराची अब्रू गेली, हा तेथला कायदा. आणि दुसरा कायदा असा की, पाहुणा एका घरी जेवला आणि शेजारच्या घरी न जेवला तर शेजार तुटला. छप्पर नसलेली घरे सतरा, आणि चुली सतराही पेटलेल्या.

मग जी लढाई जाहली तिचे वर्णन काय करावे! होळगी म्हणजे कानडी पुरणपोळी आली, तिजवर तूप आले, हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर आली, झुणका आला, शेंगांची चटणी आली, आणि पुरे म्हणावे तो "एवढंच व्हय? आमचं ग्वाड लागलं न्हाय म्हना की" ऐसा मारा होई आणि ताट पुन्हा भरे. फौज निकराने लढली. आठवे घरी दोन पैलवान कामास आले आणि लिंबाखाली आडवे जाहले. बारावे घरी टेम्पोचा ड्रायव्हर शरण गेला. सम्राट नामे पैलवान, ज्याची तालमीत खाण्याविषयी ख्याती, तो मात्र सतरावे घरापर्यंत अभंग राहिला आणि तेथे "अजून एक वाढा" म्हणाला. परंतु सूर्य मावळला तेव्हा हुलगेवाडीवर एकही नवा पत्रा चढला नव्हता.

हात धुवावयास कृष्णातराव मल्लव्वांच्या परसात गेले आणि तेथे त्यांच्या नजरेस एक डबा पडला. डबा मोठा, कुंकू लाविलेला, आणि आत तळाशी मूठभर पीठ. दानेश्वरी तेथेच भांडी घाशीत होती. त्यांनी पुसिले, "ह्यो लग्नाचा व्हता?" ती खाली मान घालून म्हणाली, "व्हय. पावण्यांस्नी वाढायला न्हाय म्हनायचं नसतंय." मदतीस आलो आणि नवरीचे वऱ्हाडाचे पीठ खाऊन बसलो, याची त्यांस मनस्वी लाज वाटली.

सबब रविवारी उजाडताच त्यांनी कोणास न पुसता शिडी लाविली, एक पत्रा पाठीस बांधिला आणि मल्लव्वांच्या भिंतीवर चढाई केली. भिंत सर जाहली, निशाण लावावयाचेच बाकी राहिले, इतक्यात मल्लव्वा अंगणात आल्या. त्यांनी वर पाहिले. मग दोन्ही हातांनी शिडी उचलोन गोठ्यात नेऊन ठेविली. वाडीचे किल्ले घेणे सोपे, परंतु उतरणे अवघड, हे कृष्णातरावांस तेव्हा उमगले.

"आव्वा, शिडी आना की!"

"पावण्यानं माझ्या घरावर चढायचं? गाव काय म्हनंल मला? न्हाय म्हंजे न्हाय."

"मग मी उतरू कसा?"

"बसा तिथंच. न्याहारी वर धाडतो."

ऐसा वेढा पडला. खाली फौज जमली, वाडी जमली, आणि चढण्याची छाती कोणाचीच होईना. कृष्णातरावांनी वरून तहाची बोलणी लाविली. म्हणाले की, सांजंला हळद हाय, दुपारच्याला ढग येत्यात, पत्रा आज चढला न्हाय तर नवरी निपाणीला जानार. मल्लव्वांचा आवाज उतरला. "ते छप्पर माझ्या लेकानं घाटलंतं, मृत्युंजयानं. ते घालायचा हक घरच्या मानसाचा. पावण्याचा न्हाय."

"मग मला घरचा करा!" कृष्णातराव ओरडले. "दानूला भाऊ न्हाय न्हवं? मी हाय! ह्ये धाजण बी हायती!"

मल्लव्वा गोठ्याच्या वाटेवरून बाजूस सरल्या. दानेश्वरी, जी चार दिवस कोणाशी धड बोलली नव्हती, ती गोठ्यात गेली, शिडी ओढीत घेऊन आली, भिंतीस टेकविली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरोन वर पाहून म्हणाली, "अण्णा, शिडी धरलीया. कर सुरू." अण्णा म्हणजे कानडीत थोरला भाऊ. हे ऐकोन कृष्णातरावांस वर बसल्या जागी रडू आले, आणि त्यांनी ते पत्र्याआड लपविले.

तह जाहला तो असा. पाहुणे संपले, नातू लागले. आणि तह होताच मल्लव्वांचे बोलणे एका क्षणात पालटले. "आरं ए, खिळा वाकडा चाललाय! डोळं हायती का गोट्या?" "ते वासं आधी बघा की रं, कुजल्यात!" जे हात काल तूप वाढीत होते ते आज बोट दाखवीत होते. दोन प्रहरी जेवणास शिळी भाकरी आणि हिरवी मिरची आली. सम्राट पैलवान होळगीची वाट पाहून अखेर पुसता जाहला, तेव्हा त्यास उत्तर मिळाले की, होळगी पावण्यांस्नी असती, घरच्यांनी हाय ते खायाचं. नाते जोडण्याची इतकी किंमत त्याने आयुष्यात मोजिली नव्हती. तरी त्याने एकट्याने आढे उचलोन जागी बसविले.

बाकीची वाडीही मग मागे राहिली नाही. जुने पत्रे उसातून निघाले, ठोकून सरळ जाहले, आणि कर्नाटकात गेलेला पत्रा तेथील एक शेतकरी स्वतः डोकीवर घेऊन आला. तिसरे प्रहरी ढग आले, गडगडाट जाहला, शेवटचा हुक कृष्णातरावांनी पिळिला, आणि पावसाचा पहिला थेंब नव्या पत्र्यावर वाजला तेव्हा मल्लव्वा आत उभ्या राहून वर पाहात होत्या. एकही थेंब आत आला नाही. त्या सांजेस त्याच छपराखाली दानेश्वरीस हळद लागली.

सोमवारी भीमाप्पा वऱ्हाड घेऊन आले. पीठ पेठेतून रविवारीच टेम्पोने आले होते, तेव्हा पंगतीस उणे पडले नाही. अक्षता पडल्या आणि कृष्णातराव पुढे सरसावले की, आमच्यात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, सबब कान पुढे करावा. भीमाप्पा म्हणाले, "आमच्यात ही रीत न्हाय." मल्लव्वा म्हणाल्या, "आजपास्नं हाय." मग एकामागून एक अकरा पैलवानांनी नवरदेव शशिधर यांचा कान पिळिला, आणि सम्राटाने होळगीचा सर्व सूड त्या कानावर घेतला. शशिधर धीराचा गडी, हसत उभा राहिला, परंतु फोटोत त्याचा उजवा कान डाव्याहून मोठा आला आहे. सांजेस दानेश्वरी बापाच्या उंबऱ्यातून निघाली आणि मल्लव्वांचा शब्द खरा जाहला. उरलेली सोळा छपरे फौजेने आठ दिवस राहून चढविली, आणि त्या आठ दिवसांत कोणीही कोणास आग्रह केला नाही.

पुढील वर्षी वैशाखात कृष्णातराव सहज हुलगेवाडीस गेले. ऊन मोठे होते, घसा कोरडा पडला होता. मल्लव्वा उंबऱ्यात शेंगा फोडीत बसल्या होत्या. त्यांनी ना घोंगडे अंथरिले ना गूळपाणी आणिले. नुसती मान वर करोन म्हणाल्या, "आलास? घागर आत हाय. हातानं घे की."

कृष्णातरावांनी आत जाऊन हाताने पाणी घेतले. येणेप्रमाणे हुलगेवाडी फत्ते जाहली, ती अद्याप तालमीच्या ताब्यात आहे, आणि तालीम तिच्या ताब्यात आहे. लेखनसीमा.