कुत्री जावात, मांजरं नोडमध्ये

"पीएचपी? अजून?" जावाभाऊ असा दचकला, जणू ताईने डब्यातून शिळं काहीतरी काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं.

"अजून म्हणजे काय? भाषा आहे ती. दूध नाही नासायला."

जनावरांच्या एका डॉक्टरबाईंना वेबसाइट हवी होती. लोकांनी घरबसल्या वेळ घ्यावी, दवाखान्यात गर्दी होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. समोर दिसणारं पान साहेबांनी पसंतही केलं होतं. अडलं होतं ते पडद्यामागचं काम. आलेली नोंद घ्यायची, वेळा सांभाळायच्या, पण हे लिहायचं कॉम्प्युटरच्या कुठल्या भाषेत? या एका प्रश्नावरून ऑफिसात आठवडाभर कुणी कुणाबरोबर चहासुद्धा घेतला नव्हता. जावाभाऊचा जीव जावावर. जे काम जड नाही ते त्याला कामच वाटत नसे. समोरच्या टेबलावरचा नोडोबा नोडशिवाय दुसऱ्या कशाचं नावही ऐकून घेत नसे. आणि ताई पहिल्यापासून पीएचपीवाली, म्हणजे दोघांच्या मते जुनाट. त्यामुळे दोघं एकमेकांशी भांडून दमले की विसावा म्हणून तिला हसत.

साहेबांना कुणाचंच मन मोडवत नसे. शेवटी त्यांनी निकाल दिला. "कुत्री जावात, मांजरं नोडमध्ये."

"आणि मी?" ताईने विचारलं.

"तुम्ही ते 'संपर्क'चं पान करा. तिथे अनुभवी माणूस लागतो."

"साहेब, दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या राहणार. दहाची वेळ कुत्र्याला दिलीय हे मांजरांच्या नोंदीला कळणार कसं?"

"ते नंतर जोडू हो."

ते नंतर काही आलं नाही. वेबसाइट सुरू झाली आणि पहिल्याच सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. मागून भुंकणं, गुरगुरणं आणि काहीतरी फुटल्याचा आवाज.

"अहो, दहाला अल्सेशियन आणि दहालाच मांजर! साडेदहाची जोडीपण आत्ताच येऊन बसलीय. मांजरं औषधांच्या कपाटावर, कुत्री कपाटाखाली आणि मी टेबलावर उभी आहे!"

"माझी मांजरं वेळेवर आली," नोडोबा तत्परतेने म्हणाला.

"माझी कुत्रीसुद्धा!" जावाभाऊ.

"तेच तर चुकलं ना रे!" साहेब कळवळले.

दोघांची पुन्हा जुंपली. ताईने लॅपटॉप पिशवीत टाकला आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"दवाखान्यात."

"अहो, पण परवानगी..."

"आल्यावर द्या."

दवाखान्यातल्या केसाळ बाकावर बसून तिने आपलं ते 'संपर्क'चं पान वाढवायला घेतलं. कुत्री, मांजरं, एक चिडका पोपट, सगळ्यांना एकाच नोंदीत आणलं. एका बोक्याने तिची ओढणी ओरबाडली, तिने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवसापासून दवाखाना असा शांत झाला, की डॉक्टरबाईंनी फोन करून वेबसाइट चालू आहे ना, याची खात्री करून घेतली.

साहेब खूश झाले. मग हळूच म्हणाले, "पण ताई, ते पीएचपी कुणापुढे बोलू नका हं. सगळं अगदी नवंकोरं आहे, असं मी बाईंना सांगितलंय."

ताईला हे मात्र झोंबलं. टोमणे खायचे, ओरबाडे खायचे आणि वर तोंड लपवायचं? ती जागेवर जाऊन बसली आणि पानाच्या तळाशी, डॉक्टरबाईंच्या नावाखाली, ठळक अक्षरांत लिहून टाकलं: पीएचपी.

काही दिवसांनी पुन्हा फोन आला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"माझ्या नावाखाली ते पीएचपी कुणी लिहिलं? लोकांना ती पदवी वाटतेय! नाही म्हणून सांगितलं तर म्हणतात, डॉक्टरबाई फार साध्या आहेत हो."

साहेबांनी ताईकडे जळजळीत पाहिलं. "माफ करा बाई, आत्ताच्या आत्ता काढायला लावतो."

"मी काढणार नाही," ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

"काढू नकाच!" पलीकडून डॉक्टरबाई ओरडल्या. "समोरच्या दवाखान्याने कालच त्यांच्या वेबसाइटवर डॉक्टरांच्या नावाखाली 'जावा' लिहून घेतलंय!"

जावाभाऊ टेबलाखाली वाकून काहीतरी शोधू लागला.

ताईने खुर्ची पुढे ओढली. "त्यांची अक्षरं केवढी आहेत, बाई?"

"चांगली मोठी आहेत."

"बरं," म्हणत ताईने कीबोर्ड जवळ घेतला. परवानगी या वेळीही तिने विचारली नाही.