लायलची झडप

धूळ आत येऊ नये म्हणून एक झडप उघडी ठेवायची, हे नवऱ्याचं, लायलचं, म्हणणं नोरीनला काही केल्या पटत नव्हतं.

"अगं, साधं आहे," गाडीमागच्या राहत्या ट्रेलरच्या टपावर चढून झडपेला जुन्या मोज्याची गाळणी बांधत लायल म्हणाला. "बाकी सगळ्या फटी रबर लावून बंद. ही एकच वाऱ्याच्या तोंडाला उघडी. गाडी पळाली की आत वारा कोंबला जातो. आत जागाच उरली नाही, तर धूळ शिरेल कुठून?"

"वारा शिरतो तिथून."

"तुला विज्ञान कळत नाही, नोरीन."

"मला केर कळतो. जन्मभर काढत आलेय."

नोरीनचा जीव खरं तर झग्यात अडकला होता. लायलच्या पणजीने हाताने शिवलेला, दुधासारखा पांढरा बाप्तिस्म्याचा झगा. घरातलं प्रत्येक मूल तोच घालून देवाच्या पदरात पडलं होतं. आता नातीची पाळी होती. लेक टॅमझिन बर्ड्सव्हिलच्या वाळवंटी कच्च्या वाटेवर, गुरांच्या एका अवाढव्य फार्मवर संसार करत होती. तिथे पाद्री विमानाने यायचा, तोही वर्षाकाठी एखाद्या वेळी. रविवारी दुपारी तो उतरणार, नातीच्या कपाळावर पाणी घालणार आणि चहा पिऊन उडणार. झगा तोवर पोचायला हवा होता, आणि पांढराच पोचायला हवा होता.

लायलने झग्याचा खोका ट्रेलरच्या सगळ्यात आतल्या कपाटात ठेवला आणि दारावर अभिमानाने थाप मारली.

मरी गावात डांबरी रस्ता संपला. तिथेच मुक्काम झाला. रविवारी पहाटे नोरीनने नेमाप्रमाणे गुडघे टेकून प्रार्थना केली, पण 'आमेन' म्हणताना तिचा एक डोळा त्या कपाटाकडेच होता. लायल कच्च्या रस्त्यासाठी चाकांतली हवा कमी करायला खाली उतरला, तशी ती उठली. झगा काढला, पावाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळला आणि गाडीतल्या छोट्या फ्रीजमध्ये सँडविचच्या तशाच पिशवीखाली सरकवला. मांडीवर घेऊन बसायची सोय नव्हती, कारण लायलच्या बाजूची काच कधीची खाली अडकलेली. फ्रीजच्या झाकणाला मात्र चांगलं जाड रबर होतं. 'हे खोटं बोलणं नव्हे,' तिने देवाला समजावलं, 'नुसतं न सांगणं आहे.' आणि झाकण दाबून बसवलं.

वाटेत पुढे गुरं न्यायचा तीन डब्यांचा रिकामा ट्रक लागला. त्याच्यामागे लाल धुरळ्याची भिंतच उभी होती. पण ट्रकवाला भला निघाला. त्याने कडेला घेऊन वाट दिली. थोड्या वेळाने नोरीनचा चहाचा थांबा आला, आणि ती जरा झुडपाआड गेली. परत येते तो मागून आलेला तोच ट्रक पुढे निघालाही होता, ट्रकवाला हात हलवत होता.

"थांबला होता होय?"

"डॅरल नाव त्याचं. गोड माणूस," लायल म्हणाला. आणि चहा संपवला.

दुपारी जेवायला नोरीनने फ्रीज उघडला. आत पिशवी एकच होती. तिने ती चाचपली. चीज आणि लोणचं.

"लायल, दुसरी पिशवी?"

"डॅरलला दिली. त्याने वाट दिली, आपण घास द्यावा."

नोरीनचा चेहरा झग्यासारखा झाला. "गाडी काढ. पळव!"

"आणि धूळ?"

"मरो ती धूळ!"

नोरीनच्या तोंडून 'मरो' हा शब्द लायलने पहिल्यांदाच ऐकला. त्याने मुकाट्याने गाडी काढली, आणि मग तिला सगळं सांगावंच लागलं.

"म्हणजे माझ्या झडपेवर तुझा भरवसा नव्हता."

"नव्हता रे."

"झगा गेला, त्याचं दुःख आहेच. पण आधी झडपेचं." असं म्हणून त्याने वाटेवरच्या गाड्यांशी बोलायचा रेडिओ उचलला. "डॅरल! डॅरल, ते सँडविच खाऊ नकोस!"

डॅरलचा पत्ता नव्हता. पण आजूबाजूच्या साऱ्या रानाला कान होते.

"का रे, बायकोने केलेत काय?" एक आवाज खरखरला.

"इकडे पाठव, म्हातारबा. माझं पोट लोखंडाचं आहे," दुसरा म्हणाला.

नोरीनने डोळे मिटले आणि साऱ्या संतांना ट्रकच्या मागे धाडलं.

फार्मवर पोचले तेव्हा पाद्र्याचं विमान उतरलेलं होतं. विमानाशेजारी तो लांबलचक ट्रक उभा. आणि ओसरीत टॅमझिन, तिच्या कडेवर नात, नातीच्या अंगात झगा. पांढराशुभ्र.

चहाचा मग घेऊन डॅरल पुढे आला. "बाई, पुष्कळ सँडविच खाल्लेत मी. पण बाह्या असलेलं पहिल्यांदाच पाहिलं. या वाटेवर बाप्तिस्मा एकाच घरी, आणि मला गुरंही इथूनच भरायची. म्हटलं, देऊन टाकावं. माझा रेडिओ बंद पडलाय, नाहीतर कळवलं असतं."

नोरीनने त्याला आधी मिठी मारली आणि मग खरी सँडविचं दिली.

नात देवाची झाली, रडली, केक झाला. लायल मात्र गुपचूप ट्रेलरकडे निघाला. नोरीन मागोमाग गेली. त्याने दार उघडलं. तिने फळीवर बोट फिरवलं. बोट पाहिलं. चष्मा लावून पुन्हा फिरवलं. मातीचा एक कण नव्हता. उशा जशाच्या तशा पांढऱ्या.

"चुकले रे मी," ती म्हणाली.

"जरा मोठ्याने म्हण. वारा आहे."

"चुकले!"

एवढं ऐकल्यावर लायल थांबतोय कसला! त्याने ट्रेलरची दोन्ही दारं सताड उघडली आणि आरोळी ठोकली, "या, सगळे या! फादर, तुम्हीसुद्धा! बूट काढून आत या!" माणसं जमली. लायलने झडपेकडे बोट करून सुरुवात केली, "विज्ञान असं आहे..."

गुरांच्या गोठ्याकडून एक वावटळ उठली. घाई न करता, आमंत्रण असल्यासारखी अंगणातून आली, एका दाराने आत गेली, उशांवर जरा रेंगाळली आणि दुसऱ्या दाराने निघून गेली.

सगळे डोळे चोळू लागले. नात तेवढी खुदकन हसली. झग्यासकट ती आता नखशिखान्त लाल होती. ट्रेलरही.

लायलने पापण्यांवरची माती झटकली. "गाडी पळत असती, तर शिरली असती का? सांग तू."

"नसती," नोरीन म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. मग केरसुणी आणायला गेली.