गॅरेजातली तुळस

तिसऱ्या किमोनंतर सुवर्णाच्या पोटात पाणीही ठरेना, तेव्हा डॉक्टरांनीच गांजा सुचवला. कॅलिफोर्नियात औषध म्हणून तो चालत होता. पण दुकानाच्या दारात मराठी मंडळातलं कुणी भेटलं तर काय सांगायचं, या धास्तीनं तिच्या नवऱ्यानं, रवींद्रनं, फ्रीमाँटच्या आपल्या टाउनहाउसच्या गॅरेजात दिवा टांगला आणि कुंड्या मांडल्या.

त्याच्या हातून आजवर मनी प्लँटही जगला नव्हता. शिवाय नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, त्यामुळे तुलना केल्याशिवाय चैन पडेना. छाटणीबद्दल इंटरनेटवर जितकी माणसं तितकी मतं होती. त्यानं एका झाडाचा शेंडा खुडला, दुसऱ्याची पानं काढली, तिसऱ्याच्या फांद्या वाकवून दोऱ्यानं बांधल्या. पहिलं रुसलं, दुसरं वाळलं. तिसरं मात्र फोफावलं आणि फुलांवर आलं. सुवर्णा शाल गुंडाळून गॅरेजात येऊन बसायची. "ह्याला आता हात लावू नकोस, प्लीज," ती म्हणाली, आणि त्यानं कात्री लपवून ठेवली.

मग मदतीला साताऱ्याहून त्याची आई, शैलाबाई आल्या. हे कसलं झाड, असं त्यांनी विचारल्यावर रवींद्रच्या तोंडून अमेरिकन तुळस असं निघून गेलं. बिचारीला ऊनही मिळत नाही, म्हणून आई हळहळल्या.

दोनच दिवसांनी तो ऑफिसातून आला, तर झाड बोडकं.

"मंजिऱ्या खुडल्या रे," आई समाधानानं म्हणाल्या. "ठेवल्या की तुळस म्हातारी होते. आता बघ कशी भरते."

काही मंजिऱ्या बाळकृष्णाला वाहिल्या होत्या, हळदीकुंकवात माखल्या होत्या. बाकीच्या पिशवीभर आईंनी शेजारच्या सुलभाकाकूंना पूजेसाठी नेऊन दिल्या होत्या. काकू म्हणजे मंडळाच्या अध्यक्षा. सुनेसाठी पहाटे उठून जप करणाऱ्या बाईला रवींद्र काय बोलणार?

काकूंच्या दारात त्यानं तुळशीवर औषध फवारलंय, देवाला नको, असं काहीतरी जुळवून सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि पोह्यांच्या डब्यामागून एक छोटी बरणी काढली.

"ह्यांच्या किमोच्या वेळची आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या आईंनी पिशवी उघडली तेव्हाच वास ओळखला मी. तुझ्या मंजिऱ्या सावलीत वाळत घातल्यात. तोवर हे ने."

बाहेरच्या खोलीत काकूंचे यजमान, अरुणकाका, टीव्हीवरच्या अंपायरशी खणखणीत आवाजात भांडत होते. रवींद्र ते जरा वेळ उभा राहून ऐकत राहिला.

त्या संध्याकाळी सुवर्णानं वाटीभर मऊ भात खाल्ला आणि तो पोटात राहिला. आईंनी पदरानं डोळे टिपले, आणि सुवर्णाला राहवेना. तिनं सगळं खरं सांगून टाकलं.

"म्हणजे भांगच की," आई म्हणाल्या. मग उठून देवघराशी गेल्या, बाळकृष्णापुढच्या मंजिऱ्या एकेक उचलल्या आणि शेजारच्या महादेवाच्या पिंडीवर नीट मांडल्या.

"इथं चालतं," म्हणाल्या, आणि सुवर्णाला आणखी भात हवा का ते विचारायला वळल्या.