मास्तरांचा डावा पाय

भोयर मास्तर दुसऱ्याच्या गाडीत बसले, की गाडी त्यांचा डावा पाय चालवतो. गाडी कुणाची आहे, पुढे ड्रायव्हर कोण आहे, याच्याशी त्या पायाला काही देणंघेणं नसतं.

एकदा आर्वीला लग्नासाठी आम्ही एसटीनं निघालो होतो. मास्तर ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसले. बस सुटली आणि पाय कामाला लागला. ड्रायव्हरनं गिअर बदलला की यांचा पाय पत्र्यावर दाबला जायचा. त्याला जरा उशीर झाला की मास्तर तोंडानं 'च्च' करायचे. खरांगण्याला भाजीपाला पिकवणारी एक बाई चढली आणि तिनं टमाट्यांची थैली नेमकी त्या पायाखाली ठेवली. आर्वी येईपर्यंत थैलीत चटणी तयार होती.

"काऊन जी," ती बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मानूस आहे का शिलाई मशीन?"

"बाई, म्या नाई दाबलं," मास्तर अगदी खरं सांगितल्यासारखे म्हणाले. "गाडीनं मांगलं."

हे 'मांगणं' म्हणजे मास्तरांचं सगळं शास्त्र. गाडी गिअर मागते, ते ज्याला ऐकू येतं तो ड्रायव्हर आणि बाकीचे नुसते बसलेले, असं त्यांचं म्हणणं. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत मी घर बांधून राहायला गेलो तेव्हा, म्हणजे चौऱ्याण्णव साली, शेजारच्या अंगणात त्यांची पांढरी गाडी उभी असायची. दारावर निळ्या रंगात लिहिलं होतं, 'कमल मोटर ड्रायव्हिंग स्कूल'. कमल म्हणजे आमच्या काकू, मास्तरांची बायको. अर्ध्या वर्ध्याला या शाळेनं गाडी शिकवली. काकू मात्र स्टिअरिंगपर्यंत कधी पोचल्या नाहीत. त्या म्हणायच्या, "माह्या नावाची शाळा, अन् मलेच दाखला नाई. विचारलं का म्हन्तेत, उद्या."

त्या गाडीला शिकवायच्या गाडीसारखे दोन्हीकडे पाय होते. म्हणजे शिकणाऱ्यापुढे क्लच आणि ब्रेक असतातच, पण डावीकडे मास्तरांच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेकची दुसरी जोडी. शिकणारा गोंधळला की मास्तर तिकडून दाबत. मी शाळेत गणिताचा मास्तर. दिवसभर मी पोरांना ओरडायचो आणि संध्याकाळी तेवढंच मास्तरांकडून ऐकून घ्यायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि वेगाच्या काट्यावर टाकला.

"मास्तर, काटा दिसत नाही," मी म्हणालो.

"जेवाले बसता तवा पोटाले काटा आहे काय, सर? भूक लागली का समजते न? तसंच आइका. आता पाहा, मांगून राह्यली, मांगून राह्यली... अबे द्या ना!"

मी दिला, पण चौथा दिला. गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली. मास्तरांनी डोक्याला हात लावला. "तिनं पानी मांगलं सर, तुमी तिले पुरनपोई चारली." महिनाभर मी त्या गाडीला काय काय चारलं, याची यादी मास्तर अजूनही पाहुण्यांना ऐकवतात, आणि पाहुणे माझ्याकडे बघत चहा पितात.

नंबरप्लेट वाचणं हा त्यांचा दुसरा नाद. रविवारी सकाळी ते नागपूर रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची जन्मपत्रिका मांडायचे. "एकतीस. नागपूरवाला. याले घाई नाई, पन हॉर्न वाजवल्याशिवाय याले करमत नाई." "एकोणतीस. यवतमाळ. पाहा, भर रस्त्याच्या मधातून! वावरातून बैलबंडी घेऊन निंगाला जसा." अमरावतीवाला हात उजवीकडे दाखवतो आणि जातो डावीकडे, कारण हात दाखवल्यावर त्याला भाऊजींचं घर आठवतं. पुण्याची गाडी दिसली तर ते आवाज खाली आणत. "बारा नंबर. हा चुकत नाई. पन आपन चुकलो तं काच खाली करून दहा मिनिटं समजावते."

"आणि आपला बत्तीस नंबर?" मी एकदा विचारलं. बत्तीस म्हणजे वर्धा.

तेवढ्यात समोरच दोन बत्तीसच्या गाड्या रस्त्यात एकमेकींशेजारी थांबल्या. दोघांनी काचा खाली केल्या. पऱ्हाटीचा कापूस वेचून झाला का, पोरगी बाळंत झाली का, सगळं विचारून झालं. मागे ट्रक, बंड्या आणि एक एसटी शांतपणे उभी होती.

"आपला मानूस गाडी चालवत नाई, सर," मास्तर प्रेमानं म्हणाले. "आपला मानूस भेटाले निंगते."

मग काळ बदलला. आधी बिनगिअरच्या स्कूटी आल्या. कॉलेजच्या पोरी त्या घेऊन भुर्रकन जाऊ लागल्या. मास्तर त्यांना पाळणे म्हणायचे. "याले चालवनं म्हनते काय? पाळन्यात बसलं अन् हललं." नागपूरच्या एका डॉक्टरकडे बिनक्लचची मोटारगाडी आली आहे, असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्यांनी ती बातमी कुणी गेल्याची सांगावी तशी घरोघर सांगितली. शाळेत शिकायला येणारे कमी होत गेले. पण शाळा बंद झाली ती त्यामुळे नाही.

काकू न्हाणीच्या ओल्या फरशीवर पडल्या. डाव्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. चार महिने त्या खाटेवर होत्या. हाड जुळलं, पण त्या पायात जोर काही परत आला नाही. काठी घेऊन न्हाणीपर्यंत जायच्या, तेवढंच. आधी काकूंचं बोलणं आमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायचं, ते थांबलं. भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मास्तरांनी शिकवणी बंद केली आणि स्वयंपाक हातात घेतला. त्यांच्या हातचं वरण मी एकदा खाल्लं आहे. माणूस का गप्प होतो, ते मला त्या दिवशी थोडंफार समजलं.

एका सकाळी शेजारून गाडीचा आवाज आला. मी गॅलरीत आलो तर गाडी अंगणातून बाहेर पडत होती आणि स्टिअरिंगवर काकू होत्या.

मला वाटलं, डोळ्यांची तपासणी करायला हवी. डाव्या पायात जोर नाही तर बाई क्लच कशी दाबते? गाडी माझ्या फाटकासमोर आली तेव्हा खिडकीतून आवाज आला.

"दाबा!"

डावीकडे बसलेल्या मास्तरांनी त्यांच्या बाजूचा क्लच दाबला. काकूंनी गिअर टाकला.

"सोडा. हयूहयू... हयूहयू म्हन्लं न!"

मास्तरांनी हळूहळू सोडला. गाडी न उचकता पुढे गेली. मी तिथंच दात घासायचा ब्रश तोंडात ठेवून उभा राहिलो.

नंतर ते रोजचंच झालं. काकूंचा उजवा पाय, दोन्ही हात आणि तोंड, आणि मास्तरांचा डावा पाय, अशी मिळून ती गाडी चालायची. ज्यांनी अख्ख्या जिल्ह्याला ओरडून गाडी शिकवली, ते आता काकूंचं ओरडणं ऐकून घ्यायचे. "मास्तर, झोपले काय? मांगून राह्यली ना गाडी! कान कुठी आहे तुमचे?" आणि मास्तर 'हाव, हाव' म्हणत दाबायचे. काकूंचं बोलणं परत आलं, आणि आमच्या ओट्यापर्यंत आलं. दर चतुर्थीला सकाळी दोघं केळझरच्या गणपतीला जायची. गाडीला पुढे-मागे लाल एल लावलेला, कारण काकूंचं लायसन्स कच्चं. क्लच दाबता येत नसेल तर पक्कं मिळणार कसं? त्याची मुदत संपत आली की मास्तर पुन्हा नवं कच्चं काढून आणायचे. सात-आठ वर्षं बाई शिकाऊच राहिल्या. मी चिडवलं तर मास्तर म्हणायचे, "काही विद्यार्थी मठ्ठच असतेत, सर."

त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीला. दोन हजार आठच्या दिवाळीत तो नवी कोरी गाडी घेऊन आला. लाल, छोटी, बिनक्लचची. आईसाठी. पोराचं मन मोठं होतं, यात शंका नाही. त्यानं अख्ख्या गल्लीसमोर गाडीचं दार उघडून दाखवलं. मास्तर खाली वाकले आणि पायाकडे बघू लागले.

"दोनच आहेत. तिसरा कुठी आहे?"

"लागत नाही बाबा. गिअर आपोआप पडतो."

"मंग डाव्या पायानं काय करायचं?"

"काहीच नाही. तेच तर आहे ना, आईला सोपं."

मास्तर गाडीला वळसा घालून डावीकडे आले आणि तिथंही वाकून बघितलं. तिथं नुसती रबराची चटई होती.

"अन् इकडे?"

"इकडे काय बाबा, इकडे नुसतं बसायचं."

मास्तरांनी मान हलवली आणि आत जाऊन हातपाय धुतले. प्रशांतनं सुट्टी संपायच्या आत आईकडून मैदानावर गाडी फिरवून घेतली आणि परीक्षेला नेलं. काकू पहिल्याच झटक्यात पास झाल्या. कच्च्या लायसन्सवाल्याच्या शेजारी जाणता माणूस बसावा लागतो, पक्क्याला लागत नाही. हे मास्तरांनीच मला आणि हजार जणांना शिकवलेलं. ते लायसन्स त्यांनी हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं आणि काकूंना परत दिलं.

प्रशांत गेला आणि नवी गाडी ताडपत्रीखाली गेली. मास्तरांकडे कारणं तयार होती. ही गाडी मुकी आहे. न मांगता देते, म्हणून माणूस ऐदी होतो. आज बॅटरी उतरली, उद्या रस्त्यावर कापसाच्या बंड्या आहेत. शेवटी किल्लीच सापडेना. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून कुरड्यांचा डबा उघडून दाखवला. किल्ली तळाशी होती.

"तीस-पस्तीस वर्षं झाली लग्नाले," काकू म्हणाल्या, "अन् हा मानूस मह्यापासून वस्तू लपवते, ते मह्याच डब्यात."

"मग काढून घ्या की."

"म्या काऊन काढू? ज्यानं ठेवली, तो काढन."

मी मास्तर माणूस, सगळ्या गोष्टींत शहाणपण सांगायची खोड. संध्याकाळी मी मास्तरांना गाठलं आणि म्हणालो, "असा हट्ट बरा नाही. काकू एकट्या फिरू शकतील. जुनी गाडी तरी किती दिवस साथ देणार?"

ते पायरीवर बसले होते. डावा पाय खालच्या दगडावर होता.

"सर, गाडी चांगली आहे. मले समजत नाई काय? म्या रोज ताडपत्री काढून पुसतो तिले." मग म्हणाले, "पन त्या गाडीत माहं काय काम? उद्या उद्या करता करता शिकवाचं राहून गेलं तिले, अन् मंग पाय गेला. म्हनून म्या पाय दिला. आता तोबी नाई लागत."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. अंधार पडल्यावर घरी आलो.

चतुर्थीच्या सकाळी ताडपत्री निघाली. मास्तर किल्ली घेऊन अंगणात आले. किल्लीला कुरड्यांचा पांढरा चुरा चिकटला होता, तो त्यांनी दुपट्ट्यानं पुसला आणि किल्ली काकूंपुढे धरली. "जा. केळझरले जाऊन ये. पक्कं लायसन्स आहे तुह्यं. हयू चालवजो."

काकूंनी किल्ली घेतली. काठी मागच्या सीटवर टाकली. गाडी आवाज न करता फाटकाबाहेर पडली. मी आणि मास्तर रस्त्यावर उभे राहून बघत होतो. मास्तर कान देऊन ऐकत होते.

"काहीच मांगत नाई," ते म्हणाले. त्यांच्या चपलेखाली रस्त्यावरची माती दाबली जात होती, सुटत होती. मी दुसरीकडे बघितलं.

कोपऱ्यावर गाडी दिसेनाशी झाली. मास्तर आत वळले, तेवढ्यात ती मागच्या गल्लीतून वळसा घालून पुन्हा समोर येऊन उभी राहिली. काकूंनी काच खाली केली.

"काय विसरली?" मास्तर धावत गेले.

"तुमाले. बसा."

"माहं काय काम आहे त्यात?"

काकू भडकल्या. "काम असलं तरच बसाचं असते काय बाजूले? इतके वर्ष मी तुमच्या बाजूले बसून सेलू पाह्यलं, आर्वी पाह्यली, नागपूर पाह्यलं. मले कोनतं काम होतं?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा दुसरीकडे बघितलं. दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "सर, तुमी तरी काऊन उभे? चला." मीही मागे काठीशेजारी बसलो.

सेलू मागे पडलं. मास्तर हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते. केळझर आलं, टेकडीचा चढ लागला. याच चढावर जुनी गाडी दरवेळी दुसरा गिअर मागायची.

"दाबा," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी दचकून त्यांच्याकडे बघितलं. काकूंची नजर समोर रस्त्यावर होती.

"दाबा म्हन्लं न!"

मास्तरांचा डावा पाय पुढे सरकला आणि रबराच्या चटईवर दाबला गेला.

"हं. आता सोडा. हयूहयू."

मास्तरांनी हळूहळू सोडला. गाडी चढ चढून देवळापाशी आली.