दोन तासांचा अंधार

संध्याकाळी सात वाजता एक्सरेवाल्यांनी गच्चीतला दिवा बंद केला आणि सात वाजून चार मिनिटांनी इमारतीचे सेक्रेटरी जिन्यात घसरून पडले. गच्चीचा आणि जिन्याचा दिवा एकाच बटणावर चालतो, हे अकरा वर्षं त्या इमारतीत राहूनही एक्सरेवाल्यांना ठाऊक नव्हतं.

"कोण आहे रे तो दिवे घालवणारा?" खालून सेक्रेटरींचा आवाज आला.

"मी आहे, मी! फोटो काढतोय."

"अंधारात?"

"आकाशाचा काढतोय हो. थांबा, आलो खाली!"

एक्सरेवाले इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करत. दिवसभर लोकांना "श्वास रोखा, हलू नका" म्हणायचं आणि काळ्या फिल्मवर उमटलेले पांढुरके डाग डॉक्टरांकडे धाडायचे. एकदा एका मासिकात त्यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो पाहिला. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या जरा खाली असलेला तो गुलाबी ढग. त्यात म्हणे नवे तारे जन्माला येतात. एक्सरेवाले त्या पानाकडे बघतच राहिले. डाग दिसला आणि कोणाचंच तोंड उतरलं नाही, असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. हा डाग आपण स्वतः काढायचा, असं त्यांच्या मनाने घेतलं.

मग दुर्बीण आली, तिला जोडायला कॅमेरा आला, आणि ताऱ्यांच्या चालीने हळूहळू फिरणारा मोटारीचा स्टँड आला. तो स्टँड ध्रुवताऱ्याच्या रोखाने बसवायला शिकण्यातच पंधरा रात्री गेल्या. "आमच्या लग्नात मुहूर्ताला एवढी खटपट केली नव्हती यांनी," बायको माहेरी फोनवर सांगत होती. ते ऐकून सासरे जावयाचा उद्योग बघायला मुद्दाम राहायला आले.

जिन्यात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्या गुडघ्याचा एक्स-रे एक्सरेवाल्यांनीच काढला. सेक्रेटरी टेबलावर आडवे होते, हलायची सोय नव्हती. एक्सरेवाल्यांनी ती संधी साधली.

"फक्त दोन तास जिन्यातला दिवा बंद ठेवला असता तर..."

"माझा गुडघा बघा आधी."

"हाड शाबूत आहे. सूज उतरेल. तर काय, तिथला उजेड फार मंद असतो हो. तेराशे वर्षांपूर्वी निघालाय तो."

सेक्रेटरींनी मान वळवली. "हलू नका," एक्सरेवाले म्हणाले.

"तेराशे वर्षं वाट कापत आलेला उजेड आमच्या जिन्यातल्या बल्बला अडतो?"

"अडत नाही, बुडतो. नुसता जिन्यातला नाही, सगळ्यांच्या खिडक्यांतला उजेडही त्यात येतो."

टेबलावरून उतरताना सेक्रेटरी म्हणाले, "मग सगळ्यांचेच घालवू. पण फोटो मला पहिला दाखवायचा."

शनिवारी रात्री नऊ ते अकरा सर्वांनी घरातले दिवे बंद ठेवावेत, गच्चीत कोणी येऊ नये, अशी पाटी लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी तेवढ्या कुरकुरल्या. त्यांच्याकडे दोन ब्लाउज तातडीचे होते. शेवटी त्याही कबूल झाल्या. "निघू दे बाई एकदाचा तो फोटो. नाहीतर हा माणूस रोज आपल्याला अंधारात पाडेल."

शनिवारी नऊला अख्खी इमारत काळीठिक्कर झाली. एक्सरेवाल्यांनी एकेका मिनिटाचे नव्वद फोटो आपोआप निघतील अशी सोय केली. नंतर ते नव्वद एकावर एक रचून एक फोटो करायचा होता. पहिले दोन तपासले: इवलासा, धुरकट, पण ढगच! त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा विझवला आणि धक्का लागू नये म्हणून चार हात लांब, खुर्चीत अंग चोरून बसले. शेजारी सासरे.

सव्वानऊला खाली जीप थांबली. समोरच्या इमारतीतल्या कोणीतरी भल्या माणसाने या अंधाऱ्या इमारतीची काळजी वाटून वीज कार्यालयाला फोन केला होता. जीपमधून तिघं उतरले आणि त्यांनी टपावरचा भलामोठा दिवा लावून इमारतीवर फिरवायला सुरुवात केली. झोत पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर सरकला.

"बाबा, मी खाली जातो. तुम्ही इथे लक्ष ठेवा. आणि कशालाही हात लावू नका!"

एक्सरेवाले अंधारात चार मजले चाचपडत उतरले.

"बंद करा तो दिवा!"

"साहेब, तुमची लाइट गेलीय."

"गेली नाही, आम्ही घालवलीय."

"फ्यूज उडवलात?"

"मुद्दाम बंद केलीय हो! फोटोसाठी!"

वायरमनने सोबत्याकडे पाहिलं. "आतापर्यंत लाइट आली नाही म्हणून ओरडणारेच भेटले होते. दिवा लागला म्हणून ओरडणारे हेच पहिले." मग हळूच विचारलं, "कसला फोटो?" सांगून होईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. जाताना त्याने जीपचे पुढचे दिवेही लावले नाहीत. गल्लीच्या तोंडापर्यंत तिघांनी ती ढकलत नेली.

एक्सरेवाले धापा टाकत वर आले. अंधारात स्टँडची मोटार बारीक गुरगुरत होती, कॅमेरा मिनिटामिनिटाला टक् वाजत होता. त्यांचा जीव भांड्यात पडला.

अकराच्या सुमाराला त्यांनी फोटो कंप्युटरवर घेतले. पहिले चौदा सुरेख होते. पंधरावा काळा, सोळावा काळा, विसावा, पन्नासावा, नव्वदावा, सगळे काळेकुट्ट. ते तसेच गच्चीत धावले. दुर्बिणीच्या तोंडावर टोपण घट्ट बसवलेलं होतं.

"बाबा! हे टोपण कोणी लावलं?"

"मी. तो जीपचा झोत वर यायला लागला. म्हटलं, उजेड आत गेला तर तुमची मेहनत पाण्यात."

"मग झोत गेल्यावर काढलंत का नाही?"

"लावलं तेव्हाच चुकल्यासारखं झालं मला. तुम्ही हात लावू नका म्हणाला होतात ना. दुसऱ्यांदा कसा लावू?"

एक्सरेवाले खुर्चीत बसले. सव्वा तास सगळी इमारत, सेक्रेटरींच्या सुजलेल्या गुडघ्यासकट, टोपण लावलेल्या दुर्बिणीसाठी अंधारात बसली होती. त्या वेळात मावशींनी दोन्ही ब्लाउज शिवून हातात दिले असते.

सकाळी त्यांनी आकाशाचे फोटो काढणाऱ्या एका बाईंना फोन केला. बाई शाळेत गणित शिकवत आणि नवशिक्यांच्या शंका न कंटाळता सोडवत.

"शहात्तर फोटो टोपण लावून? त्याच थंडीत? तेवढ्याच वेळाचे?" बाईंचा आवाज चढला. एक्सरेवाल्यांनी डोळे मिटले. "शाबास हो! कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खोट्या ठिपक्यांचे असे वेगळे फोटो घ्या, म्हणजे ते खऱ्यातून वजा करता येतात, हे सांगून सांगून माझा घसा बसला. पहिल्याच दिवशी कोणी घेत नाही!"

"सासऱ्यांनी घेतले," एक्सरेवाले म्हणाले.

दुपारपर्यंत वजाबाकी झाली. चौदा फोटोंतून एक ढग वर आला. कडा फाटक्या, रंग फिका, पण पंख पसरल्यासारखा आणि मधोमध उजळ. बायको पाठीमागे कधी येऊन उभी राहिली ते त्यांना कळलंच नाही. "हे आपल्या गच्चीतून दिसतं?" ती इतक्या हळू म्हणाली की एक्सरेवाल्यांना तीन महिन्यांच्या खटपटीचं चीज झाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी खाली सगळे जमले. कबूल केल्याप्रमाणे फोटो पहिल्यांदा सेक्रेटरींच्या हातात गेला. एक्सरेवाल्यांनी घसा साफ केला. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती.

"एक सांगायचंय. सव्वानऊनंतर तुम्ही दिवे लावले असते तरी चाललं असतं. टोपण लागलेलं होतं. माफ करा."

शिवणवाल्या मावशी म्हणाल्या, "ते राहू दे. मी खिडकीत बसले होते. मृगाच्या वर जरा बाजूला एक लालसर तारा होता. तो कोणता?"

"आणि त्याच्या पलीकडे तो पुंजका?" सेक्रेटरी म्हणाले. "मी सहा मोजले, ही सात म्हणते. आमचं रात्रभर भांडण."

तीन महिने एक्सरेवाल्यांनी ध्रुव आणि तो ढग सोडून बाकी आकाशाकडे मान वर करून पाहिलंच नव्हतं.

"लाल ती रोहिणी," मागून सासरे म्हणाले. "पुंजका म्हणजे कृत्तिका. सहा दिसतात, डोळे चांगले असतील तर सात."

"म्हटलं नव्हतं मी?" सेक्रेटरींची बायको म्हणाली.

सगळे सासऱ्यांभोवती गोळा झाले. फोटो मावशींच्या हातातून पहिल्या मजल्यावरच्यांकडे, तिथून कोणाच्या तरी पिशवीत गेला. थोड्या वेळाने सेक्रेटरी लंगडत एक्सरेवाल्यांकडे आले.

"पुढच्या शनिवारी परत दिवे बंद, ठरलंय. आजोबा गच्चीत सगळं दाखवणार आहेत. तुमचं ते यंत्र जरा कोपऱ्यात सरकवाल का? सतरंज्या घालायच्यात."

शनिवारी यंत्र पाण्याच्या टाकीशेजारी एकटंच टक् टक् करत होतं. एक्सरेवाले शेवटच्या सतरंजीवर पाठ टेकून पडले होते. एवढं मोठं आकाश त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा, तो खालचा सगळ्यात झगझगीत कोणता?" त्यांनी विचारलं.

"एक्सरेवाले," पुढच्या सतरंजीवरून सेक्रेटरींचा आवाज आला, "नंबराने विचारा. अजून मावशींचे तीन प्रश्न बाकी आहेत."