माफ करा साहेब, बाहेर या

बोधनकरांनी मला आजवर अठरा वेळा आऊट दिलं आहे. यात नवल करण्यासारखं काही नाही. माझी बॅटिंग ज्यांनी पाहिली आहे ते तर म्हणतील, अठराच का? नवल हे आहे की बोधनकर आमच्याच टीमचे आहेत.

चंदिगडमध्ये दर रविवारी आमची हौशी लीग चालते. इथे पगारी अंपायर परवडत नाहीत, त्यामुळे बॅटिंग करणाऱ्या टीमचेच दोन जास्तीचे गडी अंपायर म्हणून उभे राहतात. आता घरचाच माणूस अंपायर म्हटल्यावर त्याने कसं वागायचं हे काय शिकवावं लागतं? आपल्या गड्याच्या पायावर चेंडू बसला की त्याच क्षणी अंपायरच्या डोळ्यात कचरा जातो. कॅचच्या वेळी नेमकी त्याला शिंक येते. समोरची टीमसुद्धा चार शिव्या घालून गप्प बसते, कारण पुढच्या तासाला त्यांच्याही अंपायरला शिंका यायच्याच असतात. सगळं कसं गुण्यागोविंदाने चालतं.

फक्त बोधनकरांना शिंक येत नाही.

माणूस मूळचा वर्ध्याचा, साठीला टेकलेला, किडकिडीत. डेराबस्सीच्या एका औषधांच्या कारखान्यात ते तपासनीस आहेत. पट्ट्याच्या शेवटाला उभं राहून टवका उडालेल्या, रंग उतरलेल्या गोळ्या नापास करायच्या, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. कारखान्यातला तोच पांढरा कोट घालून ते रविवारी स्टंपांमागे उभे राहतात, आणि मला वाटतं, आम्हीही त्यांना त्या पट्ट्यावरून येणाऱ्या गोळ्यांसारखेच दिसत असणार.

मैदानाबाहेर ते मला 'काय बे शिंदे' म्हणतात. आत मात्र एकदम अहो-जाहो. बोट वर करायचं, मान किंचित झुकवायची आणि म्हणायचं, "माफ करा शिंदेसाहेब, बाहेर या." 'साहेब' ऐकू आलं की समजावं, आपला दिवस संपला. माझी आठ वर्षांची मुलगी मराठी सगळं समजते पण बोलते हिंदीत. ती त्यांना 'आउट अंकल' म्हणते. त्यांना ते आवडतं.

गिलला मात्र ते मुळीच आवडत नाहीत. हरप्रीत गिल हा आमचा कॅप्टन, पेशाने दातांचा डॉक्टर. "अंकल जी, आप हमारी टीम के हो यार!" असं तो दर रविवारी कळवळून सांगतो. बोधनकर शांतपणे विचारतात, "तुम्ही दात किडला नसताना उपटता का?" गिलला मराठी येत नाही. मी भाषांतर करतो, पण जरा सौम्य करून.

त्यांच्या गोळ्यांचा किस्सा तर आमच्या लीगमध्ये अजून सांगितला जातो. ओव्हरमधले बॉल मोजायला ते उजव्या खिशात अॅसिडिटीच्या सहा गोळ्या ठेवतात. बॉल पडला की एक गोळी डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की ओव्हर संपली. एका रविवारी सकाळी त्यांनी छोले-भटुरे खाल्ले, पोटात जळजळ सुरू झाली, आणि शेवटच्या ओव्हरच्या तोंडावर हात सवयीने खिशात जाऊन एक गोळी तोंडात गेली. ओव्हर पाच बॉलांत आटोपली. कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि आम्ही दोन रनांनी हरलो. संध्याकाळी बोधनकरांनी कोट धुवायला काढला तर खिशात गोळ्या पाच! तसेच उठले आणि समोरच्या टीमच्या कॅप्टनच्या घरी गेले. म्हणाले, "एक बॉल राहिला आहे."

तो बॉल पुढच्या रविवारी टाकायचा ठरला. त्या एका बॉलवर आम्हाला जिंकायला तीन रन हवे होते. आमच्यात आनंदीआनंद. बोधनकरांना आम्ही चक्क खांद्यावर घेतलं. स्ट्राइकवर गिल. बॉल पडला, आत वळला, गिलच्या पॅडवर आदळला. बोट वर! "माफ करा गिलसाहेब." एकच मॅच लागोपाठ दोन रविवारी हरलेला आमचा क्लब भारतात एकमेव असावा.

हे वेड फक्त मैदानापुरतं असतं तरी ठीक. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना एकदा मोदक स्पर्धेचे परीक्षक केलं. त्यांनी पहिला आणि दुसरा नंबर रिकामा ठेवला, तिसरा माझ्या बायकोला दिला आणि वर माइकवरून सांगितलं की, "तिसराही ओढूनताणून आहे." त्यांचं लग्नसुद्धा याच स्वभावापायी राहिलं. मुलगी पाहायला गेले की चहा यायच्या आतच सांगून टाकायचे, "फोटो सहा वर्षांपूर्वीचा आहे, मी घोरतो, आणि मला राग येत नाही असं मामा म्हणाले ते खोटं आहे." चार ठिकाणी असं झाल्यावर मामाने त्यांच्याबरोबर जाणं सोडलं.

असा हा माणूस मार्चमधल्या त्या रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसला आणि म्हणाला, "शिंदे, आज जिंकायला पाहिजे बे."

मी करकचून ब्रेक दाबला. अकरा वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. जिंकणं-हरणं हा त्यांचा विषयच नव्हता.

"काऊन, काय झालं?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"आज भाऊला पंच्याहत्तर पूर्ण होऊन राहिली. दुपारी फोन करतो ना मी. त्याला सांगायला पाहिजे जिंकलो म्हणून."

भाऊ म्हणजे त्यांचे वर्ध्याचे मोठे बंधू. घराच्या मागच्या अंगणात त्यांनीच बोधनकरांच्या हातात पहिली बॅट दिली. सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत. मुलगा आणि सून त्यांचं सगळं करतात. एवढंच मला ठाऊक होतं.

जिंकायचं आम्हालाही होतंच. साखळीतली शेवटची मॅच होती, जिंकलो तर पहिल्यांदाच सेमीफायनल. समोर होती सेक्टर ४३च्या बसस्टँडवरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची टीम. त्यांचा फास्ट बॉलर मनालीची बस चालवायचा आणि घाटातली सगळी भडास रविवारी आमच्यावर काढायचा.

गिलने या वेळी डोकं लढवलं होतं. "अंकल जी को टीम में ले लो," तो माझ्या कानाशी कुजबुजला. "ग्यारहवें नंबर पे. और पैड अभी से पहना दो. पैड वाला बंदा अंपायरिंग नहीं करता."

झालं. बोधनकर अकरा वर्षांनी अंतिम अकरात आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं, आणि आम्हा दोघा नालायकांना जरा लाजही वाटली. आमची बॅटिंग सुरू झाली तसे ते पॅड बांधून सावरीच्या झाडाखाली बसले. पण अकरा वर्षांची खोड. आतल्या आमच्या अंपायरला शिंक आली की इकडे झाडाखाली यांचं बोट आपोआप वर जायचं. शेवटी गिलने त्यांच्या दोन्ही हातांत ग्लव्ह चढवले आणि वर एक केळंही दिलं.

आम्हाला १४७ हवे होते. मी पाचव्या नंबरला गेलो आणि काय चमत्कार झाला कोण जाणे, टिकलो. अंपायर बोधनकर नसल्याने मी किती वेळा टिकलो हे इथे सांगत नाही. समोरून मात्र एकेक जण जात राहिला. शेवटच्या ओव्हरचे तीन बॉल उरले, सहा रन हवे, आणि नववी विकेट पडली. डोक्याच्या मापाचं हेल्मेट नसल्याने बोधनकर माकडटोपी घालून आले.

"घाबरू नकोस बे," ते मला म्हणाले. बॅट त्यांनीच उलटी धरली होती.

पहिल्या बॉलवर मी डोळे मिटून बॅट फिरवली. चार! दुसऱ्यावर एक पळालो, अर्ध्यात बोधनकर स्वतःच्या पॅडमध्ये अडकून पडता पडता वाचले. आता दोन्हीकडचे रन बरोबर. एक बॉल, एक रन. बरोबरीत सुटलं तर आमच्या लीगचा नियम असा की ज्यांच्या विकेट कमी पडल्या ते जिंकले. त्यांच्या आठच पडल्या होत्या. म्हणजे एक रन हवाच होता, आणि स्ट्राइकवर होते बोधनकर.

आता अंपायर होता खुद्द गिल. आऊट झाल्यावर त्याने ती जागा हट्टाने पटकावली होती.

मनालीवाला धावत आला. बॉल सुसाट, पण लेगच्या बाहेर, पार बाहेर. बोधनकरांनी गिरकी घेतली, बॉल मागे कीपरच्या हातात गेला, आणि गिलने दोन्ही हात पसरले. वाइड!

जिंकलो! मी बॅट हवेत फेकली. गिल हात पसरलेल्या अवस्थेतच भांगडा करू लागला. बाहेरून सगळे आत धावले. कोणी ढोल आणला होता, तो वाजायला लागला. मनालीवाला डोकं धरून खाली बसला. मी बोधनकरांना मिठी मारायला गेलो, तर ते जागेवरून हललेच नव्हते. आपल्या डाव्या ग्लव्हकडे बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "लागला."

"काय लागला?"

"ग्लव्हला. बारीक. पण लागला."

ढोल थांबला. म्हणजे वाइड नाही. म्हणजे कॅच. म्हणजे आऊट.

"अंकल जी," गिल रडवेला झाला, "मैंने नहीं देखा! किसी ने नहीं देखा!"

समोरचा कीपर, सतपाल नावाचा कंडक्टर, तोही धावत आला. त्यालाच जास्त वाईट वाटत होतं. "अंकल जी, छड्डो! हमने तो अपील भी नहीं की!"

"अपील करना तुम्हारा काम है," बोधनकर म्हणाले, "आउट होना मेरा."

आम्ही बावीस जण त्यांच्याभोवती जमून, तुम्ही आऊट नाही, म्हणून त्यांची मनधरणी करत होतो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, मी मान फिरवली. मग त्यांनी ग्लव्ह काढला, उजवं बोट स्वतःच्या कपाळासमोर वर केलं, मान किंचित झुकवली आणि हळूच म्हणाले, "माफ करा बोधनकरसाहेब, बाहेर या."

आणि आले बाहेर.

जेवणाला राजमा-चावल होतं, पण आमच्यात कोणाला घास जात नव्हता. गिल माझ्याकडे पाठ करून बसला, जणू वर्ध्याचा सगळा दोष माझ्याकडे. बोधनकर कुठे दिसेनात. माझाही राग धुमसत होताच. चार शब्द सुनवावेत म्हणून मी शोधत निघालो. ते पॅव्हेलियनच्या मागे पाण्याच्या टाकीशी उभे होते. एका पायाला पॅड तसंच, कानाला फोन.

"जिंकलो ना भाऊ!" ते ओरडून सांगत होते. "शेवटच्या बॉलवर! मी होतो ना आत. नॉट आऊट! हो गा. शिंद्याने त्रेसष्ट मारले. हो, तोच तो, चांगला खेळते तो. मागच्या रविवारी शंभर मारले ते त्यानेच. आता सेमीफायनल!"

मी जागच्या जागी थिजलो. मागच्या रविवारी मी पहिल्या बॉलवर गेलो होतो. यांनीच पाठवलं होतं.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. चेहरा असा उतरला की माझा राग कुठे गेला कळलं नाही. फोनवर हात ठेवून ते पुटपुटले, "सहा वर्षं झाली बे. पहिल्या रविवारी खरं सांगितलं तर तो जेवलाच नाही दिवसभर. मग मी... आज म्हटलं होतं, एकदा तरी खरं सांगू." फोनमधून काही आवाज आला. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. "तुझ्याशी बोलायचं म्हणते. शिंदे, तेवढं..."

मी फोन घेतला. पलीकडे खोल गेलेला, अडखळता आवाज होता.

"शिंदे का? ... हरले ना?"

समोर बोधनकर माझ्या तोंडाकडे डोळे लावून उभे. आयुष्यात पहिल्यांदा मी अंपायर होतो आणि बॅट्समन ते होते.

"लागला असन त्याच्या बॅटले नाहीतं ग्लव्हले," भाऊ म्हणाले. थांबले, दम घेतला. "मीच शिकवलं त्याले. लागला तं सांगून टाकाचं. ... सहा वर्षं सारखा जिंकते, असा कोणता क्लब असते रे बावा?" ते हसले असावेत. "तो बाजूलेच असन उभा. जोऱ्यानं सांग मले. जिंकलो म्हण."

"जिंकलो भाऊ!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की राजमा वाढणारा सतपाल वळून पाहू लागला. "एका विकेटने जिंकलो! वाढदिवसाच्या शुभेच्छा!"

बोधनकरांनी सुटकेचा श्वास सोडला. फोन घेऊन "हो भाऊ, जेव आता पोटभर" म्हणाले आणि ठेवला. मग वाकून पॅडचा पट्टा सोडायला लागले. बराच वेळ तो सुटेना. मी खाली बसून सोडवून दिला.

"शिंदे," ते वर न बघता म्हणाले, "भाऊला यातलं काही कळता कामा नये बरं."

"नाही कळणार," मी म्हणालो.