चिंचबाग हायस्कूलची बैठी कबड्डी

शाळेचं मोठेपण तिच्या मैदानावरून ठरतं, आणि मैदानाचं मोठेपण ते खेळ सोडून आणखी किती गोष्टींच्या उपयोगी पडतं यावरून. या दोन्ही कसोट्या लावल्या तर आमच्या शहरातल्या सरकारी चिंचबाग हायस्कूलच्या जवळपास फिरकेल अशी दुसरी शाळा नाही.

शाळा निजामाच्या अमदानीत निघाली. तेव्हाचं मैदान एवढं ऐसपैस होतं की एका टोकाला गोल झाला तर दुसऱ्या टोकाच्या गोलकीपरला त्याची खबर चहाच्या वेळेला मिळायची. (असं जुने लोक सांगायचे. ते आता हयात नाहीत, त्यामुळे ही माहिती पक्की समजावी.) एवढ्या मोठ्या मैदानावर मुलं एकच खेळ खेळत, हॉकी. त्यात शाळा कधी जिंकायची, कधी हरायची. एकूण काळ मागासलेला होता.

पुढं प्रगती सुरू झाली. पहिल्यांदा उत्तरेच्या बाजूला पाण्याची टाकी आली. शहराला पाणी पाहिजे, याबद्दल दुमत नाही. (पाणी यायला उशीर झाला, टाकी मात्र वेळेवर आली.) हॉकीला जागा पुरेना म्हणून शाळेनं खो-खो धरला. मग जप्त केलेल्या हातगाड्या ठेवायला पूर्वेकडं कुंपण पडलं आणि शाळा व्हॉलीबॉलवर आली. मग कुठल्याशा निवडणुकीचा मांडव पडला. तो काढायच्या आत दुसरी निवडणूक लागली, म्हणून मांडव तसाच ठेवला. सारखं काढा-घाला करण्यात शहाणपण नाही. शाळा कॅरमवर आली. उरलेल्या जागेत तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या गाड्यांसाठी शेड झाली, कारण साहेब उन्हात तापले तर शेरा वाईट पडतो.

आज मैदान म्हणजे ध्वजस्तंभ आणि त्याच्याभोवती एक सतरंजी अंथरता येईल एवढी जागा. पण निराश होण्याचं कारण नाही. मैदान अख्खं होतं तेव्हा शाळेत एक खेळ होता. आज मैदान नाही आणि खेळ एकतीस आहेत. यावरून काय सिद्ध होतं ते शिकलेल्या माणसांना सांगायची गरज नाही. माझ्यासारख्या उशिरा पाटी धरलेल्याला जरा वेळ लागला, पण मलाही पटलं.

या एकतीस खेळांचे जनक आमचे क्रीडाशिक्षक शिवराज सर. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळू लागले तेव्हा बाकीच्या शाळा पोरांना पळवू लागल्या. सरांनी बसून विचार केला. पोरं हरतात कशामुळं? समोर दुसरी शाळा असते म्हणून. तेव्हा दोष पोरांत नाही, दुसऱ्या शाळेत आहे. यातून सरांनी असे खेळ शोधून काढले जे दुसरं कुणी खेळत नाही. त्यातला मुकुटमणी म्हणजे बैठी कबड्डी.

खेळ सोपा आहे. शाळेच्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंना सात-सात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या. चढाई करणाऱ्यानं खुर्चीवरून न उठता हात लांब करायचा आणि समोरच्याला शिवायचं. मधलं अंतर बारा फूट असल्यामुळं आजवर कुणी कुणाला शिवलेलं नाही. निकाल नाणं उडवून लागतो. या खेळात पडायला होत नाही, घाम येत नाही, शर्टाची इस्त्री जागच्या जागी राहते. (पालक मेळाव्यात इस्त्रीच्या मुद्द्यावर टाळ्या पडल्या होत्या.) जिल्ह्यात दुसरा संघ नसल्यानं अंतिम सामना चिंचबाग 'अ' विरुद्ध चिंचबाग 'ब' असा होतो. एक विजेता, एक उपविजेता, गुण दोघांनाही. शाळेनं आजवरचे सगळे अंतिम सामने जिंकले आहेत. हरलेतही सगळे, पण ते आपल्याच शाळेकडून. अशा हरण्यात एक आपलेपणा असतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात कहकशा नावाची एक मुलगी पळायला लागली.

म्हणजे ती आधीपासून पळायची. रोज सकाळी हर्सूल तलावापर्यंत जायची आणि तिथून परत. पण तोपर्यंत शाळेला त्याचा उपद्रव नव्हता. गेल्या वर्षी मात्र तिनं पंधराशे मीटरच्या जिल्हा स्पर्धेत परस्पर नाव दिलं, आणि ती स्पर्धा नेमकी बैठ्या कबड्डीच्या अंतिम सामन्याच्या दिवशी आली. कहकशा 'ब' संघात सातवी होती. ती गेली तर 'ब' संघात सहा जण उरतात, सामना रद्द होतो, आणि बाकी तेरा लेकरांचे गुण पाण्यात जातात.

शिवराज सरांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"बेटा, डोकं जाग्यावर हाय का? तिथं ऊर फुटेस्तोवर पळशील, तरी नंबर येईल का नाय, कोण सांगणार? इथं नुसतं बसलीस की आला."

"सर, मेरेकू बसना नै जमता. पळायचंय मला."

"अगं, पण तिथं दुसऱ्या शाळांच्या पोरी असतात!" तिथं साप असतात असं सांगावं तसं सर म्हणाले.

"त्यांच्यासाठीच तर जायचंय, सर. एकटी तर मी रोजच पळते. पयल्या दोघींत आले की विभागाला जायला भेटतं."

नोकरीच्या इतक्या वर्षांत सरांनी खेळाबद्दल इतकं बेजबाबदार बोलणं ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी पालकांचं शिष्टमंडळ तिच्या घरी गेलं. 'ब' संघातल्या इंद्रजीतचे वडील राजेंद्रभाऊ पुढं होते. कहकशाची आई सगीरा मशीनवर याच शाळेचे शर्ट शिवत बसली होती.

"भाभी, तुमची पोरगी आमच्या तेरा लेकरांचं वाटोळं करायला निघाली," राजेंद्रभाऊ म्हणाले. "लई नाजूक वय हाय त्यांचं."

"तेरा बसलेले हैत ना, भाऊ? एक उठली तर तुम्हाला येवढा त्रास?"

"उद्या पळतच राहिली म्हणजे?"

"रोज पळती. रोज परत बी येती. दार मीच उघडते की."

शिष्टमंडळानं चहा घेतला, पण समाधान झालं नाही. सगळे गेल्यावर सगीरा लेकीला एवढंच म्हणाली, "जा. मार्कांचं काय ते मैं देखती. पण हरलीस तर मेरे सामने रोना नक्को."

कोंडी फोडली ती मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांनी. मोठा माणूस अडचणीतच ओळखू येतो. त्यांनी विचारलं, बैठ्या कबड्डीत खेळाडूचं मुख्य कर्तव्य कोणतं? न उठणं. आणि खुर्ची कधी उठते का? बास. सातव्या खुर्चीवर कहकशाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि सामना ठरल्या वेळी सुरू झाला.

सामना चुरशीचा झाला. बाकीच्या तेरांपैकी कुणी पाणी प्यायला उठलं, कुणी मोबाईल चार्जिंगला लावायला, इंद्रजीत तर समोस्यासाठी दोनदा. सातवी खुर्ची मात्र पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत जागची हलली नाही. पंचांनी तिला एकमतानं उत्कृष्ट खेळाडू ठरवलं. 'ब' संघ नाण्यावर जिंकला. पालकांनी भरपूर फोटो काढले, आणि जवळपास प्रत्येक फोटोत खुर्ची होती.

तिकडं कहकशा पळाली. दुसरी आली. पाचोडच्या एका मुलीनं तिला शेवटच्या वळणावर मागं टाकलं.

सोमवारी ती शाळेत आली ती हसतच. "क्या दौडती ती पाचोडवाली, सर! शेवटाला असा झटका दिला की बस. पण विभागाला गाठतेच तिला."

बद्रीनाथ सर गंभीर झाले. बैठी कबड्डी सुरू झाल्यापासून चिंचबाग हायस्कूल दुसऱ्या शाळेकडून हरलेलं नव्हतं. ती परंपरा मोडली होती. शिवाय एक तांत्रिक अडचण होती. एकच विद्यार्थिनी एकाच वेळी दोन स्पर्धांत उतरू शकत नाही. तेव्हा दोनातला एक निकाल खोटा असणार, आणि शाळेनं खऱ्याच्या बाजूनं उभं राहायला पाहिजे.

"खुर्चीवर मी नव्हते, सर."

"बाळा, फोटोत नाव तुझंच आहे."

"पण पळाले ती मीच ना."

"त्याचा फोटो आहे का?"

फोटो नव्हता. फोटो काढणारे सगळे हॉलमध्ये होते.

"पाचोडवालीला विचारा, सर. तिनं मला पायलंय. वळणावर मागं वळून पायलंय तिनं."

"दुसऱ्या शाळेची साक्ष आपण कशी घ्यायची?" सर मायेनं म्हणाले.

त्याच दिवशी शाळेनं स्पर्धेच्या आयोजकांना कळवलं की धावलेली मुलगी कुणीतरी भलतीच असावी. कहकशाचं नाव निकालातून निघालं आणि विभागाला तिसरी आलेली मुलगी गेली. मोबदल्यात कहकशाला बैठ्या कबड्डीचे पूर्ण गुण मिळाले. तिनं सगीरासमोर रडायचं टाळलं. ती शाळेतच रडून घरी गेली.

गुणगौरव समारंभाला ती आली नाही. शाळेनं कार्यक्रमात खंड पडू दिला नाही. उत्कृष्ट खेळाडू खुर्ची व्यासपीठावर ठेवली, पाहुण्यांनी तिच्या पाठीला शाल गुंडाळली, आणि खुर्चीनं सत्कार नम्रपणे स्वीकारला. पाहुणे म्हणाले, आजच्या पिढीत असा संयम दुर्मिळ आहे. त्या वेळी कहकशा हर्सूलच्या रस्त्यावर पळत होती. मी जाऊन पाहिलं. शेवटच्या वळणावर झटका कसा द्यायचा, ते ती एकटीच पुन्हा पुन्हा करून बघत होती.

ही हकीकत मी बऱ्याच लोकांना सांगितली. सगळेच भले लोक. ते हसतात, मग हळहळतात, शिक्षणाचं काय होणार म्हणतात. पाचोडच्या त्या मुलीचं नाव मात्र अजून कुणी विचारलेलं नाही. जायला उठले की दाराशी जरा घुटमळतात, आणि इकडंतिकडं बघून आवाज खाली आणतात. तुम्हीही थांबला आहात, तेव्हा तुम्हाला विचारायची लाज नको म्हणून मीच सांगून टाकतो. यंदा 'अ' संघ भरला आहे. 'ब' संघात एक जागा आहे. तुमच्या लेकराला यावं लागणार नाही, नुसतं नाव कळवा.